दुधाच्या दातांची साक्ष

नीलवाहिनी नदीच्या काठी वेतसनगरात पूर्वी राजा जयंतक राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच्या दरबारातील एका अमात्याच्या कुळात जन्म घेतला होता. या जन्मी त्याचे नाव पुष्कर. वय झाले, केस पांढरे झाले आणि न्यायसभेत लोकांना प्रश्न विचारण्याचे काम त्याच्याकडे आले. दरबारात हे काम हलके समजले जाई, कारण वेतसनगरात प्रश्न विचारण्याची गरज फारशी पडत नसे.

याचे कारण त्या नगराची एक प्रथा. खोटे बोलणे दुधाच्या दातांतून बाहेर पडूच शकत नाही, अशी तिथल्या लोकांची पक्की समजूत होती. दोन मोठी माणसे सभेत परस्परविरुद्ध शपथा घेऊ लागली, की ज्याचा एकही दुधाचा दात पडलेला नाही असे मूल शोधून आणत. ते जे बोलेल तो निकाल. सभा लवकर आटोपे आणि सगळे वेळेवर जेवायला जात. न्यायाकडून याहून अधिक अपेक्षा वेतसनगराने कधी केली नव्हती.

आता प्रत्येक घरातले लोणी रोज कोणी तरी खाई आणि ओठांना लोणी माखलेले मूल "मी नाही" म्हणून सांगे, हे प्रत्येक आईला ठाऊक होते. परंतु प्रत्येक आईला वाटे, की आपल्याच मुलाच्या दातांत काही वैगुण्य आहे, ते चारचौघांत बोलण्यासारखे नाही. बाकीच्यांची मुले शास्त्राप्रमाणेच असणार. त्यामुळे शास्त्र टिकून होते. खरे बोलावे, असे मात्र त्या नगरात मुलांना कोणी कधी सांगितले नव्हते. ज्याला खोटे बोलताच येत नाही त्याला काय सांगायचे? आणि एकदा दात पडले, की सांगून उपयोग काय?

अशा त्या नगरात किंशुका नावाची सहा वर्षांची मुलगी राहत होती. तिची आई नव्हती. वरच्या घाटावरचा नावाडी नागदत्त हा तिचा बाप आणि घर सांभाळणारी सुभगा ही तिची आत्या.

शरद ऋतूत नदी निवळली, की वेतसनगरात नावांची शर्यत होई. वरचा घाट आणि खालचा घाट यांची एकेक नाव उतरे. जो घाट जिंके त्याला वर्षभर जत्रेचे उतारू नेण्याचा हक्क मिळे. शर्यतीच्या दिवशी नगरात चूल पेटत नसे, बाजार उघडत नसे, आणि आजारी माणसेसुद्धा आपले आजारपण दुसऱ्या दिवसावर ढकलत.

त्या वर्षी किंशुका नदीच्या वळणावरच्या करंजाच्या झाडावर चढून बसली. काठावरच्या गर्दीला वळणाच्या आतले काही दिसत नसे. झाडावरून सगळे दिसे. ती फांदीला पाय आवळून बसली होती. आधी वल्ह्यांचा आवाज आला. मग झाडीआडून पिवळ्या पट्ट्याची नाव बाहेर पडली, ती खालच्या घाटाची. सुकाणूवर भद्रक होता. तिच्या मागोमाग, जवळजवळ चिकटूनच, लाल पट्ट्याची नाव. सुकाणूवर तिचा बाबा.

"बाबा, ओढा," ती वरून ओरडली. तिचा आवाज पाण्याच्या आवाजात विरून गेला. लाल नाव सरकत सरकत पिवळ्या नावेच्या निम्म्यापर्यंत आली. आणखी थोडे, आणखी थोडे. वळण संपत आले आणि पिवळी नाव पुन्हा पुढे निघाली. तेव्हा नागदत्ताने एकदा काठाकडे पाहिले. काठावर झाडीच होती. मग त्याने सुकाणूला पाय लावला आणि ते जोराने ढकलले. लाल नावेचे नाक पिवळ्या नावेच्या कुशीत घुसले. लाकूड फुटल्याचा आवाज झाला, माणसे पाण्यात पडली, वल्ही तरंगत गेली, आणि भद्रकाचा हात दोन नावांच्या मध्ये सापडला.

दोन्ही नावा एकदमच वळणाबाहेर वाहत आल्या, एक फुटलेली आणि एक उलटलेली. मग काठावर जे भांडण पेटले, त्याच्यापुढे शर्यत फिकी पडली.

"त्यानंच नाव वळवली," भद्रक म्हणाला. त्याचा हात लोंबत होता.

"यानंच," नागदत्त म्हणाला.

वल्हेकऱ्यांनी आपापल्या घाटाप्रमाणे शपथा घेतल्या. मुद्दाम धडक देणाऱ्याला वेतसनगरात एकच शिक्षा होती. त्याचे वल्हे सभेत मोडत आणि त्याला घरादारासह जिथून नदी दिसत नाही अशा गावी पाठवून देत. नावाड्याला याहून फाशी बरी वाटे. तेव्हा आता दुधाच्या दातांचा साक्षीदार पाहिजे होता, आणि वळणावर कोण होते, याची विचारपूस सुरू झाली. करंजावरून उतरताना फाटलेला परकर हातात धरून किंशुका तिथेच उभी होती.

एका क्षणात ती नगरातली सर्वांत मोठी व्यक्ती झाली. अनोळखी बायका तिच्या गालांना हात लावू लागल्या. कोणी तरी तिला खांद्यावर घेतले. सभेला हत्तीवरून न्यायचे, असे ठरले. किंशुकाने आजवर हत्तीचे फक्त पाय जवळून पाहिले होते. आनंदाने तिला घास गिळवेना.

आत्याला मात्र वेगळीच काळजी. किंशुकाचा पुढचा वरचा दात हलत होता.

"हलतोय म्हणजे पडलेला नाही," आत्या म्हणाली. "जिभेनं ढकलू नकोस. ऊस नाही, चणे नाहीत, हसायचं नाही. आणि आता म्हण बघू माझ्यामागून. भद्रककाकांची नाव आधी वळली."

"पण आत्या, बाबांनी पाय लावून..."

"तू लांब होतीस. लांबून उलटं दिसतं."

किंशुकाने अंगणातून लांबच्या गाईकडे पाहिले. गाय उलटी दिसली नाही. पण आत्या मोठी होती, आणि तिने तिळाचे लाडू मुद्दाम मऊ केले होते. "भद्रककाकांची नाव आधी वळली," किंशुका म्हणाली. "ती आमच्या नावेवर आली. मी झाडावरून पाहिलं."

"शाबास. पुन्हा."

हे चालले असताना नागदत्त दारात बसून दोर वळत होता. मुलगी म्हणत होती ते त्याला ऐकू येत होते. तो उठला आणि दोर घेऊन परसात गेला.

"आत्या, आपल्याला नदी नसलेल्या गावाला जावं लागेल का?"

"छे, काहीही होणार नाही. तू फक्त पाठ म्हण."

सभेच्या दिवशी वेतसनगरात शर्यतीपेक्षा जास्त गर्दी लोटली. किंशुकाला पोपटी परकर आणि नवी चोळी घातली होती. हत्ती चालू लागला तेव्हा सगळे नगर खाली गेले आणि ती वर राहिली. छपरे, कावळे, गच्चीत वाळत घातलेली मिरी, सगळे तिच्या पायांखालून सरकत होते. वरच्या घाटाचे लोक "आमची किंशुका" म्हणून ओरडत होते. खालच्या घाटाचे लोक तिच्या दातांकडे टक लावून पाहत होते.

सभेत दंतपरीक्षक बसला होता. हे पद त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. त्याला जवळचे दिसत नसे, पण पद डोळ्यांकडे नव्हते, घराण्याकडे होते. त्याने किंशुकाचे ओठ वर करून पाहिले आणि म्हणाला, "परिपूर्ण."

राजा जयंतक उंच आसनावर बसला होता. पावसाळ्यापासून महाअमात्याचे आसन रिकामे होते आणि राजाने आदल्याच दिवशी पुष्कराला सांगितले होते, "हे प्रकरण उद्या मिटवून टाक आणि त्या आसनावर जाऊन बस. मला दोन्ही घाटांची कटकट नको आहे." त्यामुळे सभेतले सगळे लोक पुष्कराशी एकदम आदराने बोलू लागले होते.

किंशुकाने हात जोडले आणि पाठ म्हटला. एक शब्द चुकला नाही. सभा समाधानाने सैल झाली. कोणी तरी भद्रकाचे वल्हे मोडण्यासाठी पुढे आणलेसुद्धा. भद्रक झोळीत बांधलेला हात सांभाळत उभा होता.

पुष्कर म्हणाला, "छान सांगितलंस, बाळ. पण मी म्हातारा माणूस. मला वळण नीट कळत नाही. मला दाखवशील?"

त्याने एक परात मागवली, तीत पाणी ओतायला लावले, केळीच्या सोपटाच्या दोन लहान होड्या केल्या. एकीला लाल दोरा बांधला, एकीला पिवळा. मग तो खाली जमिनीवर किंशुकाच्या शेजारी मांडी घालून बसला. दरबारी अमात्य जमिनीवर बसलेला पाहून पुष्कळांना हसू आले. पण किंशुकाला अतिशय आनंद झाला. खेळायला मिळेल असे तिला कोणीच सांगितले नव्हते. तिने बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी होड्या धरल्या.

"पिवळी पुढं होती," ती म्हणाली. "मग लाल आली. अशी. अशी. मग..." तिचे डोळे चमकू लागले. ती पुन्हा करंजावर बसली होती. "मग भद्रककाकांची नाव आधी वळली," तिचे तोंड म्हणाले. आणि त्याच क्षणी तिच्या उजव्या हाताने लाल होडी गर्रकन वळवून पिवळीच्या कुशीत घातली. पाणी उडाले.

राजा लांब होता. गर्दी त्याहून लांब. दंतपरीक्षक जवळ होता, पण त्याचे सांगितलेच आहे. हात पाहिले ते फक्त पुष्कराने.

किंशुकानेही पाहिले. ती आपल्या हाताकडे बघत राहिली. हात अजून लाल होडीवरच होता. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

पुष्कराने आता एवढेच करायचे होते, की मान वर करून बोट दाखवायचे. निकाल तिथेच लागला असता. त्याच्या चातुर्याच्या गोष्टी नातवंडांना सांगण्यात आल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत तो महाअमात्य झाला असता. त्याने आपला पंजा परातीवर ठेवला. दोन्ही होड्या झाकल्या गेल्या.

"महाराज," तो उठत म्हणाला, "साक्षीदार लहान आहे, दमली आहे. उरलेलं उद्या ऐकू."

"उरलेलं काय?" राजा म्हणाला. "सगळं सांगून झालं की तिचं."

"थोडं राहिलंय, महाराज."

राजाचे जेवण थंड होत होते. तो पुष्कराकडे ज्या नजरेने पाहून उठला, ती सभेने बरोबर ओळखली. पुष्कराला वाट करून देणारे लोक आता वाटेतच उभे राहिले.

सभागृहाबाहेर पायऱ्यांपाशी हत्ती ऊस खात होता. आत्या कोणाला तरी मुलीचे कौतुक सांगण्यात गुंतली होती. किंशुका खालच्या पायरीवर बसली होती. पुष्कर सावकाश आला आणि एक पायरी सोडून बसला. बराच वेळ दोघेही हत्तीकडे पाहत राहिले.

"अमात्य आजोबा," किंशुका म्हणाली, "तुम्ही माझे हात पाहिलेत ना?"

"पाहिले."

"मग सांगितलं का नाहीत?"

"ते तुझं आहे. सांगायचं तर तूच सांगायचं."

किंशुकाने परकराची किनार बोटाला गुंडाळली. "माझे दात दुधाचे आहेत. मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे मी तोंडानं म्हटलं तेच खरं असणार. हो ना? माझे हातच चुकले असतील."

वेतसनगरात जन्म काढूनही हा प्रश्न पुष्कराला कधी सुचला नव्हता.

"दातांना काही दिसत नाही, बाळ," तो म्हणाला. "झाडावर तू होतीस. दात तुझ्यामुळं तिथं होते. तू काय पाहिलंस?"

तिने बोटावरची किनार सोडली. मग एकदम म्हणाली, "मी सांगितलं तर बाबांना नदी नसलेल्या गावाला पाठवतील?"

मोठ्या माणसांनी या प्रश्नाला द्यायचे उत्तर ठरलेले होते. छे, काहीही होणार नाही. आत्याने ते दिले होते, शेजारणीने दिले होते, हत्तीच्या माहुतानेसुद्धा दिले होते. किंशुका त्याच उत्तराची वाट पाहत होती.

"माहीत नाही," पुष्कर म्हणाला. "नियम तसाच आहे. मी राजाला विनंती करीन. ते ऐकतील की नाही, मला ठाऊक नाही. आज ते माझ्यावर रागावलेत."

किंशुकाने चकित होऊन त्याच्याकडे पाहिले. आपल्याला माहीत नाही असे म्हणणारा मोठा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर भद्रक जाईल. त्याचं घर जाईल."

"तुम्हाला काय वाटतं, मी काय करावं?"

"तू पाहिलंस ते सांगावंस, असं वाटतं. पण मी तुला ओढत नेणार नाही. तू उद्या काहीही बोललीस तरी मी तुझ्याशेजारी उभा राहीन. एवढं माझ्या हातात आहे, म्हणून एवढंच सांगतो."

तेवढ्यात आत्या आली आणि उन्हात बसल्याबद्दल दोघांनाही सारखेच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने किंशुकासाठी तांदळाची पेज केली. दाताला काही लागू नये म्हणून ती फडक्यातून गाळलीही. किंशुकाने पहिलाच घोट घेतला आणि पेजेत काही तरी पांढरे तरंगले.

क्षणभर घरात कोणी हलले नाही. मग आत्याने जी धावपळ केली, तिच्यापुढे शर्यतीचे वल्हेकरी मागे पडले असते. एका हाताने तिने दार लावले, दुसऱ्या हाताने मेण तापवले, मेणात लाख मिसळली, दात पुसला, हिरडी पुसली, आणि "आ कर" म्हणत तो जागच्या जागी बसवून दिला.

"आत्या, हा आता खोटा दात झाला ना?"

"खोटा कसला? तुझाच आहे. फक्त घट्ट केलाय." आत्याने कपाळावरचा घाम पुसला. "तोंड कमी उघड. वर बघून बोलू नकोस. संध्याकाळी गूळपोळी करते."

नागदत्त उंबऱ्यात उभा होता. त्याने सगळे पाहिले होते. किंशुकाने त्याच्याकडे पाहिले, तशी त्याने मान वळवून कमरेचा शेला आवळला. चार दिवसांत तो सैल झाला होता. त्याला अन्न जात नव्हते.

सभा खच्चून भरली होती. बाहेरच्या झाडांवर माणसे चढली होती आणि ती आतली हकिगत खालच्यांना ओरडून सांगत होती. जे घडले नव्हते तेही सांगत होती. दंतपरीक्षकाने किंशुकाचे ओठ वर केले, मेणाने चिकटवलेल्या दाताकडे बारकाईने पाहिले आणि म्हणाला, "परिपूर्ण."

किंशुका मध्ये एकटीच उभी होती. काल इथेच किती मजा वाटली होती. आज कानांत नदीसारखा आवाज येत होता. तिने मागे वळून पाहिले. पुष्कर अमात्यांच्या रांगेतून उठला होता. तो काठी टेकत टेकत सगळ्या सभेसमोरून चालत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

किंशुकाने तोंडात दोन बोटे घातली. मेण जरा हट्टी होते. तिने जोर लावला, दात उपसला आणि दंतपरीक्षकाच्या हातावर ठेवला.

"हा सकाळी पडला," ती म्हणाली. "आत्यानं चिकटवला होता."

दंतपरीक्षकाने दात डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला. झाडांवरची माणसे काय झाले म्हणून विचारू लागली. आत्या पदर तोंडाला लावून खाली बसली. राजाने हात वर केला, पण कोणाचेच लक्ष नव्हते.

"अमात्य आजोबा, आता मला खोटं बोलता येतं ना?"

"येतं."

"म्हणजे आता खरंही मलाच बोलावं लागणार." तिने मोठा श्वास घेतला. दाताच्या खिंडीतून शीळ वाजली. "मी करंजावर होते. पिवळी नाव पुढं जात होती. बाबांनी काठाकडे बघितलं. मग पायानं सुकाणू ढकललं. आमची नाव त्यांच्यावर गेली. काल मी दुसरं सांगितलं, ते मला पाठ करून दिलं होतं. पण बोलले मीच."

बापाकडे मात्र तिने पाहिले नाही. तेवढे धैर्य तिच्यात नव्हते.

सभा इतकी शांत झाली, की झाडांवरच्या माणसांनाही सांगायला काही उरले नाही. मग दंतपरीक्षकाने घसा साफ केला. आयुष्यात प्रथमच त्याला बोलण्यासारखे काही मिळाले होते.

"महाराज, शास्त्राप्रमाणे ही साक्ष बाद आहे. दात पडलेला आहे. काल सगळे दात जागेवर होते. तेव्हा कालचं खरं, आजचं खोटं."

वरच्या घाटाने एकच जल्लोष केला. लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. खालच्या घाटाचे लोक पुढे घुसले, रक्षकांनी भाले आडवे धरले. या मुलीच्या तोंडून नगरात पहिल्यांदाच खरी साक्ष निघाली होती आणि नेमकी तीच नियमात बसत नव्हती. राजाला मात्र हायसे वाटले. नियम स्पष्ट होता आणि जेवणाची वेळ झाली होती.

"कालची साक्ष ग्राह्य," तो म्हणाला. "भद्रकाचं वल्हं आणा."

पुष्कराने बोलण्यासाठी तोंड उघडले. पण त्याच्या आधी गर्दीतून एक आवाज आला.

"थांबा."

नागदत्त पुढे आला. वरच्या घाटाचे लोक त्याच्या पाठीवर थाप मारायला सरसावले, त्यांना त्याने बाजूला सारले. तो चालत थेट मुलीपाशी आला आणि तिच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

"ती सांगते ते खरं आहे," तो म्हणाला. "सुकाणू मी ढकललं. वळणावर कुणी बघत नाही, असं मला वाटलं. घरी तिच्याकडून पाठ म्हणून घेत होते तेव्हा मी परसात जाऊन दोर वळत बसलो होतो. महाराज, माझं वल्हं मोडा."

"काय रे, वेड लागलं का?" वरच्या घाटावरचा एक जण मागून ओरडला. "जिंकला होतास की तू."

"तूच ये मग इथं उभा राहायला," नागदत्त त्याच्याकडे न पाहता म्हणाला.

राजाने पुष्कराकडे पाहिले. "तुला हे माहीत होतं?"

"होतं, महाराज. कालपासून."

"मग काल का बोलला नाहीस? आसन हवं नव्हतं तुला?"

"हवं होतं," पुष्कर म्हणाला. "पण काल मी तिला पकडलं असतं, तर तिनं खोटं बोलायचं सोडलं नसतं, महाराज, फक्त सापडायचं सोडलं असतं. आपल्या नगरातली सगळी मुलं तेवढंच शिकतात. आपणही तेवढंच शिकून मोठे झालो."

सभेतल्या अनेकांना आपापल्या पायांकडे पाहण्याचे काम निघाले. राजाला राग आला होता. पण तोही कधी तरी सहा वर्षांचा होता आणि राजवाड्यातही लोणी होते. त्याने धर्मशास्त्री ब्राह्मणाला विचारले, की जो पकडला न जाता आपण होऊन सांगतो, त्याला कोणती शिक्षा आहे. शास्त्र्याने पुष्कळ आठवून पाहिले. शेवटी तो म्हणाला, की तशी तरतूद नाही, कारण तशी वेळच आलेली नाही.

"मग तूच सांग," राजा पुष्कराला म्हणाला. त्याच्या कपाळावर अजून आठी होती.

"महाराज, सापडणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला एकच शिक्षा असेल, तर उद्यापासून कोणी सांगणार नाही. हा हिशेब मुलांना फार लवकर येतो. नागदत्ताला शिक्षा हवी, कारण भद्रकाचा हात मोडला आहे. पण त्याची नदी घेऊ नका."

राजाने पुष्कळ वेळ विचार केला, आणि त्या दिवशी त्याचे जेवण खरोखरच थंड झाले. मग त्याने निकाल दिला. जत्रेचा हक्क खालच्या घाटाला. फुटलेली नाव नागदत्ताने स्वतःच्या हातांनी बांधून द्यायची. भद्रकाचा हात बरा होईपर्यंत त्याच्या नावेवर वल्हेकरी म्हणून बसायचे, सुकाणूला हात लावायचा नाही, आणि भद्रक सांगेल तसे ओढायचे. महाअमात्याचे आसन दुसऱ्याला मिळाले. तो दिसायला भारदस्त होता आणि त्याने कधी कोणाला उद्यावर टाकले नाही.

भद्रकाने नागदत्ताला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "पहाटे ये," तो म्हणाला. "आणि डाव्या बाजूला बस. उजव्या बाजूला मला तू नको आहेस."

"येतो," नागदत्त म्हणाला.

घरी जाताना हत्ती नव्हता. हत्ती फक्त साक्षीदाराला मिळे आणि किंशुका आता साक्षीदार उरली नव्हती. बापलेक घाटाच्या वाटेने पायी निघाले. आत्या पुढे झपझप चालली होती आणि गूळपोळी मिळणार नाही, असे पाठमोरीच सांगत होती. वाटेत वरच्या घाटाचे लोक दारात उभे होते. कालपर्यंत "आमची किंशुका" म्हणणाऱ्यांपैकी कोणी काही बोलले नाही. एका घरातून मात्र तिच्याएवढा एक मुलगा पळत आला, तिच्या तोंडातली खिंड नीट पाहून घेतली आणि तसाच पळत परत गेला. थोड्याच वेळात त्या घरातून "आई, ते लोणी मीच" असे काही तरी ऐकू आले, आणि मग बराच वेळ मारल्याचा आवाज आला नाही.

"किंशे," नागदत्त म्हणाला, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की."

"मग?"

"अमात्य आजोबा म्हणाले होते, शेजारी उभा राहीन म्हणून. आणि ते खरंच उभे राहिले." तिने वर बापाकडे पाहिले. "बाबा, तुम्हीपण नंतर राहिलात."

नदीची वाट आली तेव्हा नागदत्ताने तिला खांद्यावर घेतले, आणि ती घर येईपर्यंत नदीकडे पाहत राहिली. उद्याही नदी तिथेच असणार होती.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, भिक्षुसंघाकडे पाहिले आणि जन्मांची ओळख पटवून दिली. "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा जयंतक म्हणजे आज विहाराला तांदूळ देणारा आणि धर्मोपदेश लांबला की चुळबुळ करणारा श्रेष्ठी. दंतपरीक्षक म्हणजे नियमांची यादी वाचणारे तुमचे ज्येष्ठ बंधू. त्यांची नजर आता पुष्कळ सुधारली आहे. आत्या सुभगा म्हणजे विहाराच्या दारात मुलांना खाऊ वाटणारी उपासिका. भद्रक म्हणजे वैद्यकी करणारा भिक्षू, आणि नागदत्त म्हणजे लहान श्रामणेरांना शिकवणारे हे स्थविर, जे आज सकाळी पाण्याचा घडा कोणी फोडला म्हणून छडी शोधत होते. किंशुका म्हणजे ती श्रामणेरी, जी छडी सापडण्यापूर्वीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. अमात्य पुष्कर मीच होतो."

स्थविरांनी छडी आसनाखाली सरकवली.

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, मग त्या जन्मात आपण सत्यपारमिता पूर्ण केलीत ना?"

"सत्य तिने पूर्ण केले," शास्ते म्हणाले. "मी परातीवर हात ठेवला आणि एक दिवस थांबलो. धीर धरण्याच्या त्या पारमितेचे नाव क्षांती."